लिव्हरवरचा दुसरा हात

प्रिय अनिरुद्ध,

तू आणलेली फुलं वाकोल्याच्या आमच्या खोलीत अजून आहेत. आईने ती पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवली, कारण घरात आलेली वस्तू तिला फेकवत नाही. माझ्या खांद्याचं हाड जुळायला अजून वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. तोंडाला काही झालेलं नाही, हे तुझं दुर्दैव.

काल तुझी मुलाखत पाहिली. शर्यतीत बोट उलटल्याचं कारण विचारलं, तर तू मुलाखत घेणाऱ्या बाईंना हसत सांगितलंस, ‘शेवटच्या वळणावर नीलमकडून वेग जरा जास्त दिला गेला. पण ती शिकेल हळूहळू.’ आई शेजारीच बसली होती. म्हणाली, ‘एवढ्या गोड आवाजात खोटं बोलायला कुठे शिकवतात गं?’ मी म्हटलं, मुलुंडला, त्याच्या घरच्या घरी.

आपल्या बोटीचा कायदा तुला पुन्हा सांगावा लागतोय, म्हणून अगदी सोपा करते. चाक तुझं, वेग माझा. लाटेवरून बोट उडाली की तिचा पंखा हवेत मोकळा फिरतो. तेव्हा मी वेगाचा लिव्हर मागे ओढायचा आणि बोट पाण्याला टेकताना पुन्हा पुढे द्यायचा, नाहीतर यंत्राची वाट लागते. वळणाआधी वेग कमी करायचा, तोही मीच. तू दोन्ही हातांनी चाक धरायचंस आणि समोर बघायचंस. एका माणसाला हे सगळं झेपत नाही, म्हणून तर बोटीत दोन खुर्च्या असतात. आणि वळणाआधी वेग कमी करताना मी हेल्मेटमधल्या माईकवर ‘सोडतेय’ म्हणायचं, म्हणजे तू बेसावध सापडू नयेस. एकदाही मी न सांगता सोडलं नाही.

मनोरीच्या समोर आपण सराव करायचो तेव्हा तू एकदा म्हणालास, ‘तू शेजारी असलीस ना, की मला वेगाची काळजीच नसते.’ मी त्याला प्रेम समजले. ती तुझी सोय होती. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर मी बोलायचे, तेव्हा तू मागे उभा राहून टाळ्या वाजवायचास आणि नंतर ‘झकास बोलतेस यार’ म्हणायचास. कामाची वाटणी आणि माणसांची उतरंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. तुला फक्त आवाज ऐकू आला. इतकी वर्षं वाचलेल्या इतिहासातून मला एक कळलंय. बोट जिंकली की चाक धरणाऱ्याचा फोटो छापतात, आणि बुडाली की शेजारी कोण बसलं होतं ते विचारतात.

शेवटच्या वळणाआधी मी ‘सोडतेय’ म्हटलं आणि लिव्हर मागे घ्यायला लागले. मागची बोट जवळ आली होती, ते तुला सहन झालं नाही. तू चाकावरचा उजवा हात काढलास, माझ्या हातावर ठेवलास आणि लिव्हर पुढे दाबलास. एका हाताने वळवलेली बोट पाण्यात नाक खुपसून पालथी झाली. शर्यत हरण्याच्या भीतीपुढे तुला माझा जीवही दिसला नाही आणि स्वतःचाही. याला लोक धाडस म्हणतात. मी याला हावरटपणा म्हणते.

आणि परवा तू फुलं घेऊन आलास. आईच्या हातचा चहा पीत म्हणालास, ‘चौकशीत तू गप्प रहा ना. तुझ्यावर बंदी आली तर वर्षभराचीच येईल. माझ्यावर आली तर प्रायोजक जातील. वर्षाने आपण पुन्हा सोबत उतरू, प्रॉमिस.’ अरे, बंदी संपली की तुझ्यासाठी वडिलांची बोट धक्क्याला उभी असेल. माझ्या नावावर एकदा ही चूक लागली की मला पुन्हा कुणी लिव्हरला हात लावू देणार नाही. हे तुला माहीत होतं, तरी तू बिस्किट बुडवत बोललास.

मी तेव्हा तुझे हात बघत होते. डावं मनगट प्लास्टरमध्ये. बोट उलटताना चाकाने झटका दिला, तेव्हा ते मोडलं. उजव्याला साधा ओरखडाही नाही, त्याच हातात तू फुलं धरली होतीस. दोन्ही हात चाकावर होते, तर झटका एकाच मनगटाला कसा बसला? चौकशी समितीत समुद्र जाणणारी माणसं आहेत. हा प्रश्न त्यांना पुरेल.

उद्या त्यांनी मला बोलावलंय, आणि मी बोलायला उभी राहिले की काय होतं ते तू ऐकलेलं आहेस. तुझी दया आली म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तू तुझ्या बाजूचा नियम मोडलास, मी माझ्या बाजूचा पाळते आहे. न सांगता सोडायचं नाही. तेव्हा चाक घट्ट धर अनिरुद्ध, आणि यावेळी जमेल तसं दोन्ही हातांनी.

सोडतेय.

परवापर्यंत तुझीच असलेली,
नीलम