मुंजीच्या पातेल्यातील गव्याच्या रश्श्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष श्री. हेमचंद्र रिसबूड,
मराठी मित्रमेळा, सिंगापूर.

दिनांक : २७ ऑगस्ट २००७

विषय : चि. रुचिर यास गणेशचतुर्थीच्या पहिल्या आरतीचा मान परत मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदारास न बोलावता कार्यकारिणीने घेतलेला निर्णय.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार श्रीमती सरोजिनी रघुवीर आगटे ही बिशान येथील रहिवासी असून मेळ्याच्या गणपतीला उकडीचे मोदक आजवर तिच्याच हातचे लागत आले आहेत. अर्जदाराचा मुलगा रुचिर हा येथील बँकेतली चांगली नोकरी सोडून कॅनडाच्या गवताळ मुलखात तिकडचे गवे, म्हणजे बायसन, पाळतो व मांसासाठी विकतो. ही गोष्ट अर्जदाराने कधी लपवली नाही आणि मिरवलीही नाही. नोकरी सोडल्यापासून प्रथमच तो गणपतीला येत आहे. पहिली आरती त्याने करावी असे मेळ्यानेच ठरवले होते व आता मेळ्यानेच ते मोडले आहे. त्याबाबत पुढीलप्रमाणे.

१. यंदा रामनवमीच्या प्रसादानंतर मेळ्याच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचे पातेले सापडले. तळाशी तपकिरी रस्सा करपून बसला होता. काठावर ‘चि. रुचिरच्या मुंजीप्रीत्यर्थ’ अशी अक्षरे कोरलेली होती. तेवढ्यावरून ते अर्जदाराच्या घरचे ठरले. पातेले त्याच दिवशी घासले गेले, मात्र आठवण तशीच राहिली, आणि आरतीचा विषय निघताच सभेत ते पातेले टेबलावर आले.

२. रुचिरच्या मुंजीत कै. रघुवीर यांनी पुण्याहून बोटीने भांडी मागवून मेळ्यातील त्या वेळच्या प्रत्येक घरी असेच एक पातेले दिले होते. आपण त्या पंगतीत होता आणि जिलबी दोनदा मागून घेतली होती. नाव वाचून मालक ठरवायचा झाला, तर निम्म्या मेळ्याच्या स्वयंपाकघरावर अर्जदाराचा हक्क पोचतो. वडाची साल पिंपळाला लावण्याचा हा प्रकार आहे.

३. गुढीपाडव्याच्या सुमारास रुचिर आला तेव्हा एका आयातदाराला दाखवण्यासाठी त्याने रीतसर परवानगीने मांसाचे नमुने आणले होते. ते यिशुनला मित्राच्या घरी ठेवले होते. आईच्या फ्रिजमध्ये मटार आणि नारळाचा चव यांखेरीज काही गोठवत नाहीत, हे त्याला न सांगता कळते. अर्जदाराने ते मांस पाहिलेले नाही.

४. सभेत आपण सांगितल्याचे अर्जदाराच्या कानी आले की, गवा हा गाईचाच भाऊबंद. अर्जदाराचा यावर अभ्यास नाही. रुचिरने पाठवलेल्या छायाचित्रातील जनावर बर्फात तोंड खुपसून गवत शोधते, गोठ्यात राहत नाही, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहू नये असे रुचिर सांगतो. त्याला ओवाळण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. तरीही हा मुद्दा अर्जदार सोडून देते.

५. सोडता येत नाही ती गोष्ट निराळी आहे. तो रस्सा गव्याचाच होता, हे रामनवमीला पातेले पाहणाऱ्या इतरांना मटण वाटत असताना आपण एकट्याने ओळखले. शिवाय हे मांस चवीला किंचित गोडसर असते, त्यात चरबी कमी असते, मंद आचेवर न शिजवल्यास ते चिवट होते, असेही आपण सभेस सांगितले. अर्जदार आपल्याला शाकाहारी म्हणून ओळखते. ही माहिती कोठून आली, असा प्रश्न तिला हे ऐकल्यापासून पडला आहे.

६. म्हणून अर्जदाराने घरोघरी जाऊन पातेली पाहिली. बेडोकच्या संजीवरावांकडे त्यात तुळस लावली आहे. विद्याताईंकडे इडलीचे पीठ आंबते. निशिकांत यांनी काँडोत राहायला गेल्यापासून ते खोक्यातून काढलेलेच नाही. आपल्या घरी सौ. मेधावहिनींनी प्रथम, “मागच्या कपाटात आहे” असे सांगितले. चहा होईपर्यंत ते पुण्याला गेले होते. अर्जदार चपला घालू लागली तेव्हा ते कोणी तरी मागून नेलेले होते. वहिनींचा स्वभाव खोटे बोलण्याचा नाही, त्यामुळे त्यांना फार कष्ट पडले. खाई त्याला खवखवे अशी म्हण आहे, पण खवखव मात्र वहिनींना झालेली दिसली.

७. अखेर अर्जदाराने रुचिरला फोन करून, ते मांस मेळ्यातल्या कोणी नेले होते का, असे विचारले. तो म्हणाला, “आई, ज्यांनी नेलं त्यांनी विश्वासानं मागितलं होतं. मी नाव सांगणार नाही. मी येईन, पण मेळ्यात येत नाही. आरती तुम्ही करून या, मी घरी बसतो.” अर्जदाराला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. फोन ठेवल्यावर ती रडली. एवढ्या लांबून मुलाने यायचे आणि गणपतीच्या सकाळी बिशानच्या फ्लॅटमध्ये एकट्याने बसायचे, हे तिला सोसवणारे नाही.

८. सबब विनंती की, कोणी काय खाल्ले याची चौकशी मेळ्याने करू नये. खाणाऱ्याने कबुली देऊ नये, अर्जदार ती मागत नाही. मोदक यंदा विद्याताईंनी केले तरी चालतील. फक्त चतुर्थीच्या सकाळी आरतीचे तबक आपण स्वतः, सर्वांसमक्ष, रुचिरच्या हाती द्यावे. तो ते घेईल, नमस्कार करील आणि काही बोलणार नाही. तो कसा आहे, हे आपणांस ठाऊक आहेच.

आदर अजून शिल्लक असलेली,
आपली नम्र,
सरोजिनी रघुवीर आगटे

सोबत : कुरणावरील एका गव्याचे रंगीत छायाचित्र. पाहून परत करावे.

प्रत : कोणासही दिलेली नाही.