मोठ्या कामाच्या गोळ्या

प्रिय अहो,

तुमच्या हयातीत कधी तुमचं नाव घेतलं नाही, ते आता कागदावर काय घ्यायचं! पत्राचं कारण एवढंच, की आज शेतावर मी तुमच्या कार्बाईनने, त्या आखूड बंदुकीने, डबा पाडला. होय, मीच! कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून पाय धुतले आणि लिहायला बसले.

आधी तुमच्याशी एक जुनं भांडण आहे. माझी फोडणीची पळी! विलायती काडतुसं मिळेनाशी झाली आणि तुम्ही घरीच गोळ्या ओतून रिकाम्या काडतुसांत बसवायचं मनावर घेतलंत. अंगणात शेगडी पेटवलीत, जुन्या नळाचं शिसं वितळवलंत, आणि साच्यात ओतायला माझी पळी उचललीत. शिसं लागलेली पळी पुन्हा वरणात घालायची सोय नाही. इतवारी बाजारातून नवी आणलीत, तर "हिची चोच चांगली हाये वं" म्हणून तीही नेलीत! किती दिवस आपण बिनफोडणीचं वरण खाल्लं, आठवतं?

आणि एवढं करून तुमच्या गोळ्या कशा? सुरकुतलेल्या! साचा तापेपर्यंत तुम्हाला कुठला धीर. मी म्हटलं, "पयलं धिरडं तव्याले चिकटतेच. साचा तापू द्या ना जरा. अर्धवट काम काहून करता?" मग तुम्ही पळी माझ्याच हातात दिलीत. माझ्या गोळ्या गुळगुळीत निघाल्या तेव्हा एक गोळी उन्हात धरून किती वेळ बघत होतात! तोंडाने मात्र शाबासकीचा शब्द नाही. काय बिघडलं असतं हो?

तुम्ही गेलात आणि बंदूक कायद्याप्रमाणे शस्त्रांच्या दुकानात जमा झाली. इकडे भुईमुगाच्या वावरात रानडुकरांचं राज्य. लायसन्स माझ्या नावावर करून घ्यायला मी कचेरीत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई मला पाहताच खुर्ची सरकवायला लागला. अखेर गेल्या आठवड्यात बंदूक घरी आली. काडतुसांची कापडी पिशवी आली आणि सोबत एक बिस्किटाचा डबा. तो मी कधी पाहिला नव्हता. पाहिला, आणि न उघडताच बाजूला ठेवला.

काल तुमचे धाकटे बंधू हजर. "वहिनी, हे लोखंड ठेवून का करता? तुमाले का नेम येते? माह्याजवळ गिऱ्हाईक हाये."

"नानाभाऊजी, गोळ्या मीनं ओतल्या, तं बंदूक चालवाले मले का झालं?"

"बरं! दादा नेम धरे तो बांधावरचा तुपाचा डबा पाडून दाखवा. पडला तं बंदूक तुमची. नाही तं मी विकतो."

तोंडातून "चालते" निघून गेलं. तुमची एवढी एकच वस्तू मी हट्टाने मागून घेतली होती. ती एका डब्यावर लावून बसले, म्हणजे मीही तुमचीच बायको!

आज सकाळी बांधावरचा तो रिकामा डबा आणून विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यासमोर ठेवला. पिशवीतली काडतुसं भरली. तुम्ही करायचात तशी चापाजवळची कडी खाली ओढून वर केली, चाप दाबला, तर नुसतंच टक्! कडी पुरती ओढलीच नव्हती. भाऊजी हसले. अर्धवट काम काहून करता, असं तुम्ही वरून म्हणाला असाल, माझंच मला! मग कडी पुरती ओढली. धडाड् करून माती उडाली. पुन्हा माती. डबा जागचा हलेना, आणि भाऊजी तर बंदूक न्यायला हातच पुढे करून उभे. पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या, तर सगळ्या सुरकुतलेल्या, तुमच्या हातच्या!

मग सोबत आणलेला तो बिस्किटाचा डबा उघडला. आत एकेक काडतूस कापसात ठेवलेलं, आणि प्रत्येकाच्या टोकाला माझ्या हातची गुळगुळीत गोळी. एकही वापरलेली नाही. पुढचं मला नीट दिसेना. पदराने डोळे पुसले, काडतूस भरलं, कडी पुरती ओढली. डबा उडून बाजूच्या बांधावर जाऊन पडला.

भाऊजी डोक्याला हात लावून म्हणाले, "वहिनी, दादालेही कधी लागला नोता हा डबा!"

कसा लागणार? शेवटपर्यंत सुरकुतलेल्याच गोळ्या झाडल्यात, डब्यावरही आणि डुकरांवरही. डुक्कर पळायचं ते आवाजाने. चांगल्या गोळ्या कुठे गेल्या विचारलं, की म्हणायचात, "मोठ्या कामाले राहू दे." कोणतं हो मोठं काम? ते कधी आलंच नाही. तुम्ही निघून गेलात, आणि चांगलं ते सगळं कापसात राहिलं. शाबासकीसुद्धा! फार राग आला मला तुमचा, आणि तितकीच मायाही.

घरी आल्यावर कपाटातला कपांचा संच काढला. तोच, पाहुण्यांसाठी ठेवलेला, ज्यातून आपण दोघं कधी चहा प्यायलो नाही. भाऊजींना त्यातून चहा दिला, मीही घेतला. एका कपाचा कान तुटला. तुटू दे.

आता तुम्हाला वचन देते. भुईमूग राखीन, कडी पुरती ओढीन, आणि चांगलं काही मागे ठेवणार नाही. उद्याच शेगडी पेटवून नव्या गोळ्या ओतते. पळी तुमचीच घेईन. माझ्या फोडणीच्या पळीला हात लावायला आता घरात कुणी नाही, हे मात्र अजून सवयीचं होत नाही.

डबा पाडणारी,
तुमची सुशीला