टाळ्यांचे तेवीस सेकंद

ती. दादा,

त्या जॅझ मैफलीचं आपलं चोरटं रेकॉर्डिंग बाहेर फुटलं. काल एका अनोळखी शौकिनाने कॅसेटींच्या अदलाबदलीत ते मलाच पाठवलं, वर "अत्यंत दुर्मिळ, जपून ठेवा" अशी चिठ्ठी! तू मफलरमध्ये माईक लपवला होतास, मी पोटाशी रेकॉर्डर धरून बसलो होतो, आणि हा मला शिकवतोय.

संशय आधी दंतवैद्यावर गेला, मग टायरवाल्यावर. मी प्रती दिल्या त्या या दोघांनाच. तूच शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाच्या प्रतीत शेवटच्या टाळ्या वेगळ्या ठिकाणी तोडल्या होत्या, म्हणजे फुटली तर कोणाची ते कळावं. दंतवैद्याला बारा सेकंद, टायरवाल्याला पंधरा. घड्याळ घेऊन बसलो. या प्रतीत टाळ्या तेवीस सेकंद चालतात.

माझ्या स्वतःच्या प्रतीत एकोणीसच आहेत. ती तू दिलेली.

मूळ कॅसेट तुझ्याकडे, म्हणजे बाहेर गेली ती तुझ्याच हातून. ते एक वेळ सोडून देतो. पण वीस वर्षं तू मलाही त्या दोघांच्याच रांगेत बसवलं होतंस?

आणि तोडलंस ते काय, तर शेवटचे चार सेकंद. त्यात एक पोरगा टाळ्यांच्या वर ओरडतो, "दादा, सगळं आलं ना रे?" तो मी आहे. माझा आवाज परक्या माणसाकडे होता, माझ्याकडे नव्हता.

हे पत्र टाकणार नाही. तू एवढंच विचारशील, "मी दिलेली प्रत मोजलीस कशाला?"

तुझा,
एकोणीस सेकंदवाला