व्ह्यू पॉइंट नंबर तीन

सोमवार, ७ ऑक्टोबर

कालच्या नोंदीत दुरुस्ती. 'आत्याला सगळं सांगितलं' असं मी लिहिलं आहे, ते चूक आहे. आत्याला 'रस्ता होणार आहे आणि छान होणार आहे' एवढंच सांगितलं. पुढचं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिनं कोंबडीची मान पिरगळली. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही. रोजनिशीत खोटं नको, म्हणून ही दुरुस्ती.

ऑफिसात सरांना मात्र सकाळीच 'सांगितलं' म्हणून मोकळी झाले. तिथली दुरुस्ती उद्या.

'सगळं' म्हणजे काय ते इथे मांडून ठेवते, म्हणजे सांगताना अडखळायला नको. तलावाकाठचा रस्ता 'सीनिक रोड' होणार. गाडी थांबवून बघायच्या सात जागा, बसायला कट्टे, तलावापर्यंत उतरणारी पायवाट. जागा निवडायचं काम माझं होतं. प्रत्येक वळणावर पाणी किती दिसतं, किती लांबचं दिसतं, मध्ये काय आडवं येतं, त्याचे गुण द्यायचे. सगळ्यांत जास्त गुण तिसऱ्या वळणाला मिळाले. तिथे आत्याचं कोंबडीचं दुकान आहे. रस्त्याच्या जागेत आहे, म्हणून पाडणार.

गुण देताना मी पक्षपात केला नाही. केला असता तर आत्यानंच कान उपटले असते. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं. तिसरीपर्यंतचं शिक्षण त्या दुकानात झालं. मी उलट्या खुराड्यावर बसायची आणि आत्या सत्तूर चालवत पाढे घ्यायची. प्रत्येक आकड्याला एक घाव. उत्तर चुकलं की सत्तूर वरच्या वर थांबायचा, बरोबर उत्तर येईपर्यंत. गिऱ्हाईकही थांबायचं. गाडीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून एक मीटर दहा सेंटिमीटरवर धरतात. खुराड्यावर बसलेल्या मुलीचीही तेवढीच येते. तिथून तलाव कसा दिसतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

संकल्प: आठवड्याच्या आत सांगणे. खाली पार्किंगजवळ नवे गाळे होणार आहेत. त्यांतला एक आत्याला मिळेल, फक्त तिनं सोळा तारखेपर्यंत होकार द्यायला हवा. म्हणजे बातमी वाईट नाहीच. गाळ्याला पक्कं छत आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सर्व्हेअर डोक्याला पट्टी बांधून आला. तिसऱ्या वळणावर खुंट्या ठोकत असताना एका बाईनं त्याला कोंबडा फेकून मारला. जिवंत. कोंबडा तोंडावर येतो तेव्हा कसं वाटतं, हे तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगत होता. सरांनी विचारलं, आत्याला सांगितलंयस ना? मी म्हटलं, म्हणूनच तर. हे उत्तर खोटं नाही. नीट पाहिलं तर त्यात काहीच म्हटलेलं नाही.

दुपारी आत्याचा फोन. एक लुच्चा खुंट्या ठोकत होता, तुझ्या ऑफिसचं नाव घेत होता, खरंच तुमचा का? मी हो म्हटलं. मग तिनं उपटलेल्या खुंट्या स्वतः परत ठोकल्या, सत्तुराच्या पाठीनं. एक तर तिच्या गल्ल्याच्या बरोबर खाली. ती कशासाठी, असं तिनं विचारलं नाही. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

फोनवर सांगणार होते. पण अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नागरिकांसोबत बैठक. प्रतिसाद चांगला. सभागृह भरलेलं. स्पंजची झाडं लावलेलं मॉडेल मी मांडीवर धरून बसले होते.

सायकलवाले आणि ट्रकवाले यांच्यात आधी रुंदीवरून वाद झाला, मग कॉलर धरून. एक खुर्ची फेकली गेली. त्यातच आत्याच्या शेजारचा पंक्चरवाला उठला आणि म्हणाला, तिसऱ्या वळणावरची दोन्ही दुकानं जाणार, खुंट्या बघा कुठून गेल्यात. मग मागे वळून आत्यालाच म्हणाला, "ताई, तुमच्या भाचीनंच गळा कापलाय तुमचा."

आत्या शेवटच्या रांगेतून पुढे आली. लोकांनी वाट दिली. "माझी भाची मला सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही," ती म्हणाली, "आणि दुकान पाडेल?" आणि तिनं त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. त्याचा दात उडून माझ्या मॉडेलवर पडला, बरोबर पार्किंगमध्ये. मॉडेलच्या मापात तो तीन मजली इमारतीएवढा होता.

मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हटलं, सर्व सूचनांची नोंद घेतली आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

कालच्या नोंदीत दुरुस्ती. खुर्च्या दोन फेकल्या गेल्या. दुसरी मी फेकली. पंक्चरवाल्याचा मेहुणा मला 'खोटारडी' म्हणाला होता. मी मारामारीच्या विरुद्ध आहे. पण खोटा आरोप सहन होत नाही. त्याला तीन टाके पडले. तपासून लिहिलं आहे.

आत्यानं संध्याकाळी फोन करून शाबासकी दिली. म्हणाली, नेम चांगला आहे, माझ्यावर गेलीस.

सोमवारी नक्की. सोमवारी तिचं दुकान बंद असतं आणि सत्तूर खणात असतो.

सोमवार, १४ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकून गेले. आत्या शिडीवर होती. दुकान पुढे वाढवलंय, नवे पत्रे ठोकलेत. सीनिक रोड झाला की गाड्या थांबणार, लोक तलाव बघणार आणि जाताना कोंबडी नेणार, असा तिचा हिशेब. हिशेबात चूक नाही. तिच्या हिशेबात कधीच नसते.

नवी पाटी लावायची होती: 'भाचीचं वळण चिकन सेंटर'. मी तीन तास शिडी धरली. शिडीवरच्या माणसाला धक्कादायक काही सांगू नये, हे सुरक्षेच्या नियमांत आहे.

परत येताना लक्षात आलं, की नव्या पत्र्यांमुळे रस्त्यावरून तलाव दिसतच नाही. गुण जवळजवळ शून्य. म्हणजे ही जागा आपोआप बाद. ताबडतोब सरांना फोन केला, आवाजात आनंद येऊ दिला नाही. सर म्हणाले, ठीक आहे, पाडायला चार पत्रे जास्त. मशीन गुरुवारी सकाळी येतंय.

बुधवार, १६ ऑक्टोबर

गाळ्याच्या होकाराचा शेवटचा दिवस. होकाराचा कागद आत्याच्या नावानं मीच लिहिला. सहीपाशी हात थांबला. दुसऱ्याची सही करणं म्हणजे सरळ फसवणूक. फाडून टाकला. अशा बाबतीत मी कडक आहे.

मग वळणावर गेले, सांगायलाच. आत्याकडे कसलीशी मोठी ऑर्डर होती. कोपरापर्यंत रक्त, जमिनीवर पिसांचा गालिचा, आणि एकामागून एक घाव. मला पाहून तिनं सत्तूर वर थांबवला आणि विचारलं, "काय गं, काय म्हणतेस?"

मी म्हटलं, एक किलो दे.

आत्याचा गाळा पंक्चरवाल्याला मिळाला. बरं झालं, बिचाऱ्याचा दात गेला होता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

देखरेखीला सरांनी मलाच पाठवलं. घरचं माणूस समोर असलं की बरं, म्हणाले. हेल्मेट, गॉगल, धुळीचा मास्क. मशीन सुरू होण्याआधी सांगायचं ठरवलं होतं. मशीन लवकर आलं. ही माझी चूक धरता येणार नाही.

पहिल्या फटक्यात पाटी गेली. दुसऱ्यात नवे पत्रे. खुराडी फुटून कोंबड्या रस्ताभर झाल्या, काही चाकांखाली गेल्या. आत्या सत्तूर घेऊन मशीनला भिडली. लोखंडी पंजावर घाव घालत राहिली, पात्याचा टवका उडेपर्यंत. ड्रायव्हर दार उघडून पळाला. दोघांनी तिला धरलं, त्यांतला एक आता दवाखान्यात आहे. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, साहेब कोण ते ओळखलं, आणि तराजूजवळचं किलोचं वजन उचलून मला मारलं. डाव्या कानाच्या वर. हेल्मेटला खड्डा पडला. नेम चांगला आहे.

"माझी भाची ह्याच रस्त्याची मोठी इंजिनियर आहे," ती म्हणाली. "तिला कळू दे. हात तोडेल ती तुमचे."

मी काही बोलले नाही. मास्क होता.

दुपारपर्यंत जागा मोकळी झाली. तलाव अप्रतिम दिसतो. पुन्हा गुण दिले, पूर्वीइतकेच आले. बसायला खुराडं नव्हतं, म्हणून ओणवं होऊन बघावं लागलं.

आत्या आमच्याकडे राहायला आली आहे. बाबांनी आपली खोली तिला दिली. टवका गेलेला सत्तूर उशाशी आहे. हे कोणी केलं ते शोधून काढ, असं तिनं मला सांगितलं. मी शोधते म्हटलं.

डोकं ठणकत होतं. साइटवर धडपडले, असं सांगितलं. ती उठून बर्फ घेऊन आली आणि कुठे लागलंय ते न विचारता नेमका डाव्या कानाच्या वर ठेवला. इतकी वर्षं हाणामारीत घालवलेल्या माणसाला अंदाज असतो.

मग तिनं बर्फाचा हात उचलला आणि वरच्या वर थांबवला.

"अजून काही सांगायचंय?"

मी म्हटलं, नाही.

हात बराच वेळ तसाच होता. पाणी माझ्या मानेवरून पाठीत गेलं. बाबा उगीचच स्वयंपाकघरात जाऊन आले. मग तिनं हात खाली घेतला, बर्फ बशीत ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दमली असणार.

आज तिला सांगणं क्रूरपणाचं झालं असतं. पण आता आणखी लांबवणार नाही, दिवस पक्का केला आहे. सोमवार, एकवीस ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता. सोमवारी तिचं दुकान बंद असतं.