रांगेतली विश्रांती

४ मार्च, मंगळवार
गोदामाच्या रांगेत सात तास! पुढची गाडी आत गेली की मागच्यांनी सरकायचं. जरा डोळा लागला की मागून हॉर्न. माल भरून झाल्यावर आमच्या कंपनीच्या मॅनेजरचा कागद बघतो तर — विश्रांती, सात तास. म्हणजे मी आता ताजातवाना, पुढे नऊ तास ट्रक हाकायला मोकळा!

६ मार्च
मॅनेजरला जाऊन विचारलं. नियम त्याला तोंडपाठ. चालवलं तेवढंच काम, बाकी सगळी विश्रांती. म्हटलं, दर दहा मिनिटांनी चालवतच होतो. तर म्हणाला, 'दोन गाड्यांएवढं सरकलं, त्याला काय ड्रायव्हिंग म्हणायचं?'
तळपायाची आग मस्तकात गेली. नियम केला आमच्या झोपेसाठी, आणि हे त्याच नियमाने आमची झोप खातात!

८ मार्च
सहा तास रांग, वर चारशे किलोमीटर. आज नाही म्हणालो. किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. ऐकून बायकोचा चेहरा उतरला.

९ मार्च
मॅनेजरने माझी गाडी धाकट्या भावाला दिली. त्याच कंपनीत आहे तो. सांगायला आला — 'दादा, दोघंही घरी बसलो तर कसं व्हायचं?' मी त्याच्यावर खेकसलो. उगाच.

११ मार्च
धाकट्याला अपघात. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, गाडी पुलाच्या कठड्यावर. पाय दोन ठिकाणी मोडलाय. शुद्धीवर आहे, एवढं नशीब.
आधी आठ तास रांगेत होता. कंपनी म्हणते, कागदावर आठ तास विश्रांती, खाली त्याची सही — चूक ड्रायव्हरची! अहो, सही कोऱ्या कागदावर घेता तुम्ही. माझीसुद्धा घेत होता. आणि मी मुकाट्याने देत होतो.

१२ मार्च
अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, पुरावा आणा.

१४ मार्च
चार ड्रायव्हरांकडे गेलो. चौघांनी चहा पाजला. साक्षीच्या कागदावर सही एकानेही दिली नाही.

१७ मार्च
मॅनेजर हॉस्पिटलात आला. मी उठून दार अडवलं. तो दाराबाहेरच थांबला. आत धाकट्याच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला,
'कोऱ्या कागदांवर तास मीच भरायचो. आत्ता साहेबांना तसं लिहून देऊन आलोय.'
मी बाजूला झालो.