फर्नवरची हिरवी जाळी

६ एप्रिल
धाकटा नवी हिरवी जाळी घेऊन आला! मला वाटलं, चला, एकदाची दया आली. कुंड्या भरणाऱ्या बायका भर उन्हात बसतात, त्यांच्या डोक्यावर लागेल. कसलं काय! फर्नवर लावली. म्हणे, "पानं करपतात, ताई."
बायकांचं काय करपतं, ते विचारायची सोय नाही. आणि विचारणारी मी कोण? 'हे' गेल्यापासून भावाच्या घरात राहते, भावाच्या नर्सरीत काउंटरवर बसते. पंख्याखाली.

९ एप्रिल
ऊन. दुसरं काही नाही.

११ एप्रिल
कलमवाली परत आली! गुलाबाची कलमं तिच्याइतकी हलक्या हातानं कोणी बांधत नाही, म्हणून सगळे तिला कलमवालीच म्हणतात. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने घरात होती. चांगली उजळलीय. टेम्पोवाला म्हणाला, "काय हो, सिनेमात काम करून आलात की काय?" ती म्हणाली, "नातवाची कृपा! तू पण एक नातू आण, जरा माणसात येशील." किती दिवसांनी हसले मी.
पण मनात धाकधूक. मिशनच्या शाळेत सुट्टीनंतरचा पहिला आठवडा सिस्टर आम्हाला मैदानावर फार वेळ राहू देत नसत. सगळ्यांना गवती टोप्या — ते इलॅस्टिक हनुवटीला काय काचायचं! खेळायच्या आधी मीठ-साखरेचं पाणी, नाक दाबून. "पोरींनो, ऊन तुम्हाला विसरलंय. हळूहळू ओळख करून घ्या." सिस्टरचा तो खरखरीत आवाज, हातरुमाल ओला करून आमच्या मानेवर ठेवणं... आईनंसुद्धा असं केलेलं मला आठवत नाही.
धाकट्याला म्हटलं, हिला थोडे दिवस सकाळचंच काम दे.
"तिला काय नवीन आहे? जन्म गेला उन्हात."
"दोन महिने घरात होती. सवय मोडते रे. सावलीतलं रोप तू एकदम उन्हात ठेवतोस का? रोज थोडं थोडं बाहेर काढतोस ना?"
"रोपं विकायची असतात, ताई."
असं म्हणाला! आणि वर हसला.

१२ एप्रिल
आत्ता दवाखान्यातून आले.
हॉटेलची मोठी ऑर्डर. सकाळपासून कलमवाली कुंड्या टेम्पोत चढवत होती. दोनदा हाक मारली — "आले हो बाई, एवढी रांग होऊ दे." दुपारी बघते तर तीच कुंडी चढवतेय, उतरवतेय. मला म्हणाली, "बाळाला आत घ्या, रडतंय." तिथे कुठलं बाळ!
टेम्पोवाला हसला, "लावून आली वाटतं."
कपाळाला हात लावला, तर तवा! पाय लटपटले आणि ती खालीच बसली. टेम्पोवाला घाबरून तिच्या तोंडात बाटली ओतायला निघाला. मी हात धरला — शुद्ध नाही तिला, ठसका लागेल. झाडांचा पाइप उचलला, तर त्यातलं पाणी उकळतं! तापून पडलेला दिवसभर. गार येईपर्यंत सोडून दिलं — तेवढा वेळ युगासारखा गेला. उचलून फर्नच्या जाळीखाली नेली, अंगावर ओली गोणपाटं घातली, पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले.
धाकटा धावत आला. पहिलं वाक्य — "इथे नको, गिऱ्हाइकं बघतायत."
टेम्पोतल्या कुंड्या मीच खाली फेकल्या. त्यातूनच दवाखान्यात नेली.

१३ एप्रिल
वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मूत्रपिंडाला धक्का बसलाय. महिनाभर ऊन अजिबात नको.
धाकटा सगळ्यांना सांगत सुटलाय, "हट्टी बाई, पाणीच प्यायली नाही." मला बाजूला घेऊन म्हणाला, "चौकशीला लेबर ऑफिसचे साहेब येतील. तू काउंटरवर होतीस. तुला काही दिसलं नाही."
लहानपणी माझं बोट धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नसे हा.

१७ एप्रिल
साहेब आले. चौकशी उन्हाची, आणि उभे राहिले जाळीखाली! मी उठले. सगळं सांगायचं ठरवून उठले. तर म्हणाले, "गरज नाही, त्या बाईंचा जबाब झालाय. त्यांचीच चूक होती म्हणाल्या."
संध्याकाळी दवाखान्यात गेले. रागावले तिच्यावर. ती माझा हात कुरवाळत राहिली. "जावयाला काम नाही, बाई. मालकांनी मला काढलं तर पोर काय खाईल?"
घरी धाकटा म्हणाला, "बघ, तिला कळतं. तुला नाही कळत."
शिकलेली मी! एक वाक्य वेळेवर बोलता आलं नाही.

१८ एप्रिल
दिवसभर काउंटरवर पावत्या फाडल्या.

२४ एप्रिल
कलमवाली कामावर आली. महिना कुठला, दोन आठवडेही झाले नाहीत! पदर डोक्यावर, ओठ पांढरे. धाकट्यानं तिला पुन्हा टेम्पोजवळ उभी केली.
मी फाटक लावलं. बायकांना घरी पाठवलं — म्हटलं, आजचा रोज कापायचा नाही. कलमवालीला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपेपर्यंत यायचं नाही, पगार घरी येईल.
"कोणाला विचारून?" धाकटा सगळ्यांसमोर ओरडला.
"मला विचारून. बाबांनी नर्सरी दोघांच्या नावावर केलीय."
इतकी वर्षं दोघांनाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नव्हतं.
दुपारी तो जेवला नाही. मी जेवले.