मांडवातलं उन्हाचं घड्याळ

नंदिगड्डे
२० जानेवारी २०२५

चि. वासूस फुलाक्काचे अ. उ. आ.

इकडं समदी बरी हाईत, तिकडची खुशाली कळीव. इथं फोन लागत न्हाई आणि तू काय सुखासुखी येत न्हाईस, तवा हे पत्र बशीच्या कंडक्टरच्या हातात देतीया.

तुझ्या भाचीचं, सुनयनाचं, लगीन बारा फेब्रुवारीला पक्कं झालं. पोरगा अणशीचा, गुणाचा हाय. मुहूर्त सकाळी पावणेबाराचा. पण तिच्या बापाचं डोकं फिरलंय. भाऊबीजेला तू आलास, अंगणातल्या दगडावरची ह्यांची उभी काठी उपटून उत्तरेला कलती बसवलीस, मनगटावरच्या घड्याळाशी ताळा घेतलास आणि सावली दाखवंल त्यात पाव तास मिळवा असं सांगून गेलास. तवापासनं ह्यास्नी त्या काठीबिगर दुसरं दैवत न्हाई. आता म्हणत्यात, लेकीचा अंतरपाट माझ्याच घड्याळावर खाली येणार, भटजीच्या न्हाई.

आणि घड्याळाची तऱ्हा काय, तर दहाची बस, सावलीत पाव तास मिळवून दहा व्हायच्या आधी चांगला अर्धा तास निघून जातीया! हे परवा ड्रायव्हरवर खेकसले, लवकर का पळतोस म्हणून. सुनयनाच्या मोबाईलवर बघा म्हटलं, तर म्हणत्यात की जिथं रेंज न्हाई तिथं मोबाईलला काय डोंबल कळतंय. मुहूर्त टळला तर माझ्या लेकराच्या संसाराला पहिल्याच दिवशी गालबोट लागंल रं. तू रेल्वेतला माणूस, जन्मभर मिनिटावर जगलास. तूच काय ते निस्तर.

अक्काची आठवण पातळ होऊ देऊ नको.

तुझी
फुलाक्का


कॅसलरॉक
२७ जानेवारी २०२५

ती. फुलाक्कास वासूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. वाटलं, तुमच्या रेड्याने काठीला अंग घासलं असणार. पण खात्री करायला इथल्या शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरांकडे गेलो, आणि त्यांनी चहा पाजून माझीच अक्कल काढली. अक्का, चूक रेड्याची नाही, भावोजींची नाही, तुझ्या शहाण्या भावाची आहे.

काठी कलती केली ते बरोबरच होतं. उभ्या काठीची सावली एकाच वेळेला दर महिन्यात निराळ्या जागी पडते. ध्रुवाकडे रोखलेल्या काठीची सावली मात्र बारा महिने आपल्या रेघेवर येते. चुकला तो माझा पाव तास. असं बघ, सगळ्या देशाचं घड्याळ एकच, आणि ते लावलंय पार उगवतीकडच्या मुलखातल्या सूर्यावर. तोच सूर्य आपल्या डोक्यावर यायला अर्धा तास जास्त लागतो. म्हणजे अर्धा तास मिळवायचा. इथवर सरळ आहे.

पण पृथ्वीची वाट काही नीट गोल नाही, आणि पृथ्वी स्वतःही तिरकी. म्हणून सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. दिवाळीत तो पाव तास पुढे असतो, माघात पाव तास मागे रेंगाळतो. मी ताळा घेतला भाऊबीजेला. अर्ध्या तासातून पाव गेला, उरला पाव. तोच मी कायमचा समजलो! आता माघात अर्ध्यावर आणखी पाव चढला. म्हणजे पाऊण तास मिळवायचा. सावली अकरावर आली की पावणेबारा झाले. भावोजींना सांग, ड्रायव्हरची माफी मागा. माझ्यातर्फेही मागा.

लोभ आटू देऊ नये ही विनंती.

तुझा
वासू


नंदिगड्डे
५ फेब्रुवारी २०२५

चि. वासूस अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यास्नी वाचून दाखवलं. दोन दिवस तोंड फुगवून बसले. सूर्यनारायणाला रेंगाळणारा म्हणतोस म्हणून तुझ्यावर राग. मग तिसऱ्या दिवशी बस आली तवा गुपचूप सावली बघितली, पाऊण तास मिळवला, आणि बस वेळेवर निघाली! ड्रायव्हरला घरात बोलावून कणगाचे कंद उकडून घातले. माफीचं तोंडानं काय निघालं न्हाई, पण त्यो समजला.

आता नवीन नाटक ऐक. परवा भावकीनं मांडव घातला. झावळ्यांनी अंगण असं झाकलं की दगडावर अंधार. मांडव घालताना घड्याळ मांडवाखाली जाणार हे एकालाबी सुचलं न्हाई, आणि पयला खांब तर ह्यांनीच रोवला होता! मग वर चढून काठीच्या बरोबर डोक्यावर भोक पाडलं. ऊन पडलं ते चुलीपाशी. अकराचा सूर्य तिरका असतो हे ध्यानातच न्हाई. मग आग्नेयेला दुसरं पाडलं, तवा कुठं उजेड दगडावर आला. सारा गाव हसतोय. भटजी बिचारे कबूल झाल्यात. ह्यांनी हात वर केला की अंतरपाट काढायचा. ढग आला तर तुझं मनगट हाय. मामा पोरीच्या मागं उभा ऱ्हायला पायजे, आदल्या दिवशीच ये.

वाट बघतीया, उशीर केलास तर बोलणार न्हाई.

फुलाक्का


कॅसलरॉक
१५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कार्य झकास झालं, पोरगी लक्ष्मीसारखी दिसत होती. तुझ्या हातची खीर अजून जिभेवर आहे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पोरीच्या मागे उभा होतो तेव्हा माझ्या मनगटावर पावणेबारा झाले, ऊन लख्ख होतं, तरी भावोजींचा हात वर होईना. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक ताणून ताणून म्हटलं. सावलीचा काठ धूसर असतो, मिनिटभर इकडेतिकडे होणार हे मान्य. पण हे त्याहून जास्त होतं. मास्तरांचा हिशेब चुकला की माझा? खरं काय ते कळव.

पायाशी जागा असू द्यावी.

तुझा
वासू


नंदिगड्डे
२१ फेब्रुवारी २०२५

चि. वासूस अ. उ. आ.

सुनयना परवा जावयाबरोबर येऊन गेली. खुशीत हाय, गालावर तेज आलंय. मांडव उतरवला. शेजारची इंदुबाई म्हणतीया, पुढच्या लग्नाला भोकं ठेवूनच मांडव घाला.

तू विचारलंस ते सांगते, पण ह्यांच्यापाशी बोलू नको. मास्तर चुकले न्हाईत आणि तूबी न्हाईस. तू अंतरपाटाकडं बघत होतास, मी ह्यांच्या शेजारी दगडापाशी होते. सावली रेघेवर आली ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. ह्यांनीबी बघितली. भटजीनं मान वळवून विचारलं, तर म्हणाले, अजून थोडं हाय. सावली रेघ ओलांडून चालली, तरी हे वाकून आपलं तेच म्हणत्यात, थोडं हाय, अजून थोडं हाय. टिपं दगडावर पडत होती वासू. एवढा मुहूर्त मुहूर्त म्हणणारा माणूस, आणि हात वर केला की लेक गेली हे त्यास्नी तवा उमगलं. मुहूर्त टळत होता, पण रागवायला काय मला झालं न्हाई. मी त्यांचा हात धरला आणि वर केला.

जीव लावीत ऱ्हा, लावतोसच म्हणा.

तुझी
फुलाक्का